चारशे पुस्तके आणि एक नाव

इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन राहिलेला जॉन हार्वर्ड हा तरुण धर्मोपदेशक १६३८ साली क्षयाने वारला. आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे चारशे ग्रंथांचा संग्रह त्याने एका महाविद्यालयाला ठेवला. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला तोवर धड नावही नव्हते. पुढच्याच वर्षी, १६३९ मध्ये, त्याला या दात्याचे नाव देण्यात आले. ती पुस्तके फार काळ टिकली नाहीत. १७६४ च्या आगीत ग्रंथालय भस्मसात झाले आणि हार्वर्डच्या संग्रहातले एकच पुस्तक वाचले, कारण त्या वेळी ते ग्रंथालयाबाहेर होते. नाव मात्र राहिले.

शेजारच्या कनेक्टिकटमध्ये १७०१ साली 'कॉलेजिएट स्कूल' सुरू झाले. त्यालाही पैशांची चणचण होती. कॉटन मॅथर या बोस्टनच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १७१८ मध्ये लंडनमधील एका धनिकाला पत्र लिहून सुचवले की, या शाळेला मदत केल्यास तिला आपले नाव देता येईल. धनिकाने मालाच्या नऊ गासड्या, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून ५६२ पौंड उभे राहिले आणि शाळेचे नाव 'येल' झाले.

हा धनिक म्हणजे एलिहू येल, १६८७ ते १६९२ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासमधील सेंट जॉर्ज किल्ल्याचा प्रमुख. मराठ्यांच्या इतिहासात तो ओझरता भेटतो. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला, तो याच येलच्या कारकिर्दीत. किल्ल्यावरून डागलेला तोफगोळा जिथवर पडेल तिथवरचा मुलूख कंपनीचा, असा तो व्यवहार होता. पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून येलला पदावरून दूर करण्यात आले. गुलामांच्या व्यापाराशी असलेल्या त्याच्या संबंधांवर आज त्या विद्यापीठातच चर्चा होते.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, आजच्या धाग्याचा विषय विद्यापीठाच्या नावाची मालकी हा आहे. ज्या दोन संस्थांची नावे चार-चारशे पुस्तकांच्या देणग्यांशी जोडलेली आहेत, त्यांच्याच आवारात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची आणि अभ्यासक्रमांची माहिती देणारी संकेतस्थळे काढली, तेव्हा काय घडले, ते पाहू. एका प्रकरणात पोलीस आले, दुसऱ्यात ट्रेडमार्क आला. वादाचे मूळ दोन्हीकडे सारखेच होते, असे माझे मत आहे.

पहिले प्रकरण हार्वर्डचे. १८८२ साली तेथील विद्यार्थ्यांना एक गोष्ट खटकत होती. आजूबाजूचे दुकानदार पुस्तके, वह्या आणि थंडीतले जळण अव्वाच्या सव्वा दराने विकत. चार्ल्स किप या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने काही जणांनी 'हार्वर्ड कोऑपरेटिव्ह सोसायटी' काढली. सभासदांनी एकत्र येऊन माल घ्यायचा आणि स्वस्तात वाटून घ्यायचा, ही साधी कल्पना. सहकारी साखर कारखाने आणि पतपेढ्यांच्या प्रदेशात ती वेगळी समजावून सांगायला नको. विद्यार्थ्यांच्या तोंडी या संस्थेचे नाव 'कूप' असे रुळले. कालांतराने ती हार्वर्ड चौकातले मोठे दुकान झाली आणि १९९० च्या दशकात तिच्या दैनंदिन कारभाराची सूत्रे 'बार्न्स अँड नोबल' या पुस्तकविक्रीतील बलाढ्य कंपनीकडे गेली. हे दुकान कायद्याने विद्यापीठापासून स्वतंत्र आहे, एवढी नोंद इथे आवश्यक आहे. पण वर्गात नेमलेली पुस्तके एकत्र मिळण्याचे ठिकाण तेच.

या शतकाच्या पहिल्या दशकात हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी 'क्रिम्सन रीडिंग' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठली पुस्तके नेमली आहेत आणि इंटरनेटवरील कुठल्या विक्रेत्याकडे ती सर्वांत स्वस्त मिळतील, हे त्यावर एका नजरेत दिसे. नावात 'हार्वर्ड' हा शब्द नव्हता. किरमिजी हा त्या विद्यापीठाचा रंग आहे, आणि तेवढ्या इशाऱ्यावर कोणासाठी काय चालले आहे, हे तिथल्या विद्यार्थ्याला कळत होते.

अडचण होती ती यादी मिळवण्याची. अभ्यासक्रमनिहाय यादी दुकानाच्या फळ्यांवर होती. तेव्हा विद्यार्थी दुकानात जात, पुस्तके उलटून त्यांचे आयएसबीएन क्रमांक वहीत उतरवून घेत. सप्टेंबर २००७ मध्ये सहा पुस्तकांच्या किमती लिहून घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला दुकानातून बाहेर जाण्यास सांगण्यात आले. दुकानाच्या अध्यक्षांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राला सांगितले की, ही माहिती म्हणजे दुकानाची बौद्धिक संपदा आहे, असे ते मानतात. त्यानंतर काही दिवसांतच क्रमांक उतरवून घेणाऱ्या तीन विद्यार्थ्यांसाठी दुकानाने पोलिसांना बोलावले. पोलीस आले, पण विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याची गरज त्यांना वाटली नाही.

अप्पा बळवंत चौकात चार दुकाने पालथी घालून, भाव कागदावर टिपून, मग पहिल्या दुकानात परत येणाऱ्या कुणालाही हा प्रसंग वाचून हसू येईल. पण दुकानाची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. प्राध्यापकांकडून याद्या मागवणे, त्यांची जुळणी करणे, पुरेशा प्रती आणून ठेवणे, न खपलेल्या परत पाठवणे हे सारे खर्चाचे काम आहे. ते दुकानाने करायचे आणि त्याच यादीच्या आधारे गिऱ्हाईक दुसरीकडे वळवायचे, हे कुठल्याही दुकानदाराला बोचेल. बोचणे आणि बौद्धिक संपदा असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा क्रमांक तरी काय आहे? १९६० च्या दशकात ब्रिटनमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्यांना आपले गोदाम संगणकावर न्यायचे होते. त्यासाठी गॉर्डन फॉस्टर यांनी नऊ अंकी पद्धत आखली. १९७० मध्ये तिचे दहा अंकी आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि १ जानेवारी २००७ पासून, म्हणजे हार्वर्डमधील या वादाच्या वर्षीच, तो क्रमांक तेरा अंकी झाला. आवृत्ती नेमकी कोणती, हे जगातल्या कुठल्याही विक्रेत्याला न चुकता कळावे, एवढाच त्याचा उद्देश. जो आकडा सर्वांना सांगण्यासाठीच जन्माला आला, तो उतरवून घेण्यावर बंदी, हा विरोधाभास मला आजही अचंबित करतो.

शिवाय कायदा स्पष्ट होता. कॅन्ससमधील एका छोट्या टेलिफोन कंपनीची निर्देशिका 'फाइस्ट' या दुसऱ्या प्रकाशकाने आपल्या निर्देशिकेसाठी वापरली होती. कोणी नक्कल केली तर पकडता यावी म्हणून मूळ कंपनीने काही काल्पनिक नावे मुद्दाम घुसडली होती. त्यांपैकी चार नावे फाइस्टच्या पुस्तकात सापडली. चोरी, म्हणाल तर, रंगेहाथ पकडली गेली होती. तरीही २७ मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फाइस्टच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा की, तथ्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. ती गोळा करायला कितीही घाम गाळला असला, तरी केवळ घामापोटी हक्क निर्माण होत नाही. निवडीत आणि मांडणीत थोडी तरी स्वतःची प्रतिभा हवी.

माझ्या मते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची तारीख हीच. १९९१ नंतर अमेरिकेत निव्वळ माहितीवर मालकी सांगण्याचा राजमार्ग बंद झाला. मालकीची इच्छा मात्र थोडीच संपते? ती आडवाटा शोधू लागली. कोणी 'बौद्धिक संपदा' असा मोघम शब्द वापरला, कोणी 'जागा आमची आहे' म्हणाले, कोणी संगणकजाळ्याच्या वापराचे नियम पुढे केले आणि कोणी नावावर बोट ठेवले.

क्रिम्सन रीडिंगचा प्रश्न न्यायालयात न जाताच सुटला. पाठ्यपुस्तकांच्या वाढत्या किमतींची झळ देशभर जाणवत होती. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उच्च शिक्षणाचा नवा कायदा केला आणि त्यात, संघराज्याचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांनी शक्य तेथे अभ्यासक्रमांच्या वेळापत्रकातच नेमलेल्या पुस्तकांचे आयएसबीएन आणि किमती जाहीर कराव्यात, असे कलम घातले. १ जुलै २०१० पासून ते अमलात आले. ज्या आकड्यांसाठी पोलीस बोलावले गेले होते, ते जाहीर करणे तीन वर्षांच्या आत कायदेशीर कर्तव्य झाले.

आता ट्रेडमार्ककडे वळू. या कायद्याचा मूळ हेतू गिऱ्हाइकाची फसवणूक टाळणे हा आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या नावाने खपवला जाऊ नये, एवढेच. म्हणून एकाच नावाचे दोन मालक सुखेनैव नांदू शकतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या दारांवर दिसणारी 'येल' कुलुपे ही लायनस येल या कारागिराच्या नावाची आहेत. तो कारखानाही १८६८ साली कनेक्टिकटमध्येच उभा राहिला, आणि विद्यापीठाशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुलूप घेणाऱ्याला पदवी मिळेल, असे कोणी समजत नाही.

विद्यापीठांना आपल्या नावाचे बाजारमूल्य उमगायला बराच काळ लागला. तुरळक खटले आधीही झाले. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका बेकरीने 'कॉर्नेल'च्या नावावर पाव विकायला घेतला, तेव्हा विद्यापीठाने न्यायालयात जाऊन ते रोखले. त्या पावाची पाककृती खरोखरच कॉर्नेलच्या एका प्राध्यापकाची होती, हे विशेष. पण ओघ सुरू झाला तो १९७० नंतर. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या नावाचे कपडे 'चॅम्पियन' ही कंपनी १९३६ पासून विकत होती आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १९७६ मध्ये विद्यापीठाच्या संघाने फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि त्या कपड्यांना उठाव आला. विद्यापीठाने १९८० मध्ये नाव नोंदवून घेतले आणि दावा ठोकला. १९८३ च्या निकालात जिल्हा न्यायालयाने विद्यापीठाच्या विरोधात कौल दिला. असा शर्ट विकत घेणारा तो विद्यापीठाने बनवला म्हणून घेत नाही, आपली निष्ठा मिरवण्यासाठी घेतो, असा त्यामागचा तर्क होता.

हा तर्क मला आजही बिनतोड वाटतो, पण काळाचा कल उलटा होता. दोनच वर्षांनी जॉर्जिया विद्यापीठाने आपल्या बुलडॉगसारखे चित्र डब्यावर छापणाऱ्या बिअर विक्रेत्याविरुद्धचा खटला जिंकला. पुढे परवान्यांचा धंदा एवढा फोफावला की, जून २०२२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने कपड्यांपुरता चक्क 'द' या इंग्रजी उपपदावर ट्रेडमार्क मिळवला. गिऱ्हाइकाला संरक्षण देणारा कायदा हळूहळू नावाच्या मालकाचे हत्यार होत गेला, तो असा.

या पार्श्वभूमीवर येलमधील प्रकरण पाहावे. तेथील अभ्यासक्रमांच्या छापील सूचीला पिढ्यान्‌पिढ्या 'ब्लू बुक' म्हणत आले. ती चाळण्यासाठी दोन विद्यार्थ्यांनी 'येल ब्लूबुक' हे सुटसुटीत संकेतस्थळ बनवले. ते इतके उपयुक्त ठरले की, विद्यापीठाने ते विकत घेतले. पुढे आणखी दोन विद्यार्थ्यांनी, जे जुळे भाऊ होते, 'येल ब्लूबुक प्लस' काढले. येलमधील विद्यार्थी सत्राअखेर प्रत्येक अभ्यासक्रमाला आणि शिक्षकाला गुण देतात. ते गुण विद्यापीठाच्याच जाळ्यावर विद्यार्थ्यांना पाहता येत, पण एकेक पान उघडून. या भावांनी त्यांची सरासरी काढली, ती सूचीतच प्रत्येक विषयापुढे मांडली आणि तिच्या आधारे क्रम लावण्याची सोय केली. म्हणजे उत्तम शिक्षक कोण आणि टाळावेत असे कोण, हे क्षणात कळू लागले. २०१४ च्या जानेवारीपर्यंत, पदवीच्या पाचेक हजार विद्यार्थ्यांपैकी दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी ते वापरत होते.

त्या जानेवारीत कुलसचिवांच्या कार्यालयाने विचारणा सुरू केली. माहिती कुठून घेतली, परवानगी कोणी दिली, असे प्रश्न होते. त्यांच्या जोडीला आक्षेप आला तो नावाचा. 'येल', 'ब्लूबुक' आणि विद्यापीठाचे चिन्ह वापरून हे संकेतस्थळ अधिकृत असल्याचा भास निर्माण करते, असा तो आक्षेप होता. निव्वळ ट्रेडमार्कच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तथ्य होते. विद्यापीठाचे स्वतःचे 'येल ब्लूबुक' असताना त्यापुढे केवळ अधिकचे चिन्ह जोडलेले नाव पाहून नवख्याची गल्लत होणे शक्य होते.

भावांनी नाव बदलले. 'कोर्सटेबल' असे नवे नाव घेतले, त्यात ना येल ना ब्लूबुक. वाद खरोखरच नावाचा असता तर तो येथे संपायला हवा होता. प्रत्यक्षात सत्राच्या सुरुवातीलाच, विद्यार्थी विषय निवडण्याच्या धांदलीत असताना, विद्यापीठाने आपल्या जाळ्यावरून ते संकेतस्थळ अडवले. शिस्तभंगाच्या कारवाईची टांगती तलवार पाहून भावांनी ते बंद केले.

मग खरे कारण काय होते? ते येल कॉलेजच्या तत्कालीन अधिष्ठाता मेरी मिलर यांच्या खुल्या पत्रातून दिसते. मिलर या माया संस्कृतीच्या कलेच्या नामांकित अभ्यासक. त्यांचे म्हणणे असे की, दशकभरापूर्वी प्राध्यापकांनी ही मूल्यमापने विद्यार्थ्यांना खुली करण्यास संमती दिली, ती विद्यार्थ्यांनी सविस्तर लेखी अभिप्राय वाचून निर्णय घ्यावा या हेतूने. आकडे त्यांपासून तोडून ठळकपणे मांडणे हा त्या हेतूचा भंग आहे. हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. कठोर पण उत्तम शिक्षकाला सरासरीच्या शर्यतीत काय किंमत मोजावी लागते, हे कुठल्याही विद्यापीठात शिकलेला माणूस जाणतो. पण ही तक्रार माहितीच्या मांडणीविषयी आहे. ट्रेडमार्कशी तिचा संबंध नाही. जे थेट सांगायला हवे होते, ते नावाच्या आडून सांगितले गेले.

लगोलग आणखी एका विद्यार्थ्याने यावर तोड काढली. त्याने ब्राउझरला जोडता येणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. विद्यार्थी विद्यापीठाच्या अधिकृत ब्लूबुकवर गेला की, ही आज्ञावली विद्यापीठाच्याच पानांवरून आकडे घेऊन त्याच पडद्यावर मांडे. माहितीची प्रत दुसऱ्या कुठल्या संगणकावर ठेवलेलीच नव्हती. त्यामुळे जाळ्यावरून अडवायला संकेतस्थळच उरले नव्हते. नाव मात्र त्याने मिस्कीलपणे 'बॅन्ड ब्लूबुक', म्हणजे 'बंदी घातलेले ब्लूबुक', असे ठेवले. मिलर यांनी दुसऱ्या पत्रात मान्य केले की, प्राध्यापकांनी निर्णय घेतला तेव्हा कल्पना केली नव्हती इतके तंत्रज्ञान पुढे गेले आहे आणि माहिती कोणाची, हा प्रश्न डोळ्यांदेखत बदलतो आहे. विद्यापीठाची अशी प्रांजळ कबुली दुर्मीळ, म्हणून तिचे श्रेय द्यायला हवे.

एक प्रश्न उरतो. येलच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या संकेतस्थळाने 'येल' हा शब्द वापरायचाच नाही का? १९९२ मध्ये 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक' या गायकवृंदाने, आपल्याविषयी वाचकांची मते फोनवर मागवणाऱ्या दोन वृत्तपत्रांविरुद्ध दावा केला होता. कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठी असलेल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे नाव घेतल्यावाचून बोलणे शक्य नसेल, नाव गरजेपुरतेच घेतले असेल आणि त्याचा पाठिंबा असल्याचा आव आणला नसेल, तर असा वापर वैध ठरतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. कनेक्टिकटमधील न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नाही, आणि येलमधील भावांचे पहिले नाव या तिसऱ्या कसोटीवर कदाचित टिकलेही नसते. पण 'येलच्या विद्यार्थ्यांसाठी, विद्यापीठाशी संलग्न नाही' अशी एक ओळ पुरेशी ठरली असती, असे मला वाटते. ती कसोटी लावण्याची वेळ मात्र आली नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाशी न्यायालयात झुंजत नाही. त्याला पदवी घेऊन बाहेर पडायचे असते.

कोर्सटेबल पुढे पुन्हा सुरू झाले. आज येलमधील विद्यार्थ्यांचाच एक गट ते चालवतो, आणि प्रत्येक विषयापुढे गुणांची सरासरी तिथे अजूनही दिसते.